कॉलेज कोणतं ते नंतर, आधी हप्ता सांगा

मी वकिली करते. मे-जून आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. "मॅडम, पोरीला लॉ करायचंय. कंपनीतली नोकरी नको म्हणते. न्यायाधीश नाहीतर सरकारी वकील व्हायचंय, गरिबांच्या केसेस लढायच्यात म्हणते. एका एनएलयूत, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठात, नंबर लागतोय, इकडे जिल्ह्याच्या कॉलेजातही लागेल. कुठं घालू?" मागून पोरगी कुजबुजते, "बाबा, रँकिंग विचारा ना."

लोकांसाठी वकिली करायची तर कोणतं लॉ कॉलेज घ्यावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रँकिंग मला पाठ नाही. मी त्या बापाला उलट विचारते, कर्ज काढणार आहात का? आणि हप्ता किती बसेल?

शिक्षणाची गोष्ट चालू असताना ही बाई बँकेत कुठं शिरली, असं त्यांना वाटतं. पण हिशेब मांडून बघा. राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांची फी आणि वसतिगृह धरून खर्च सहज दहा-पंधरा लाखांवर जातो. समजा बारा लाखांचं कर्ज काढलं, दहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. हप्ता महिन्याला सोळा हजारांच्या आसपास बसतो, आणि शिकत असताना साठलेलं व्याज मी यात धरलेलंच नाही. आता दुसरी बाजू. पोरीला न्यायाधीश व्हायचंय. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ पासून ती अट नव्हती. कॉलेजातून निघून सरळ परीक्षेला बसायचा रस्ता त्या निकालाने बंद केला. आता आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन कोणातरी सिनिअरकडे तीन वर्षं काढायची. सनदेची फी आता खुल्या वर्गाला ७५० रुपयांवर नेता येत नाही, जुलै २०२४ च्या निकालाने तेवढं तरी भलं केलं. पण ज्युनिअरला मिळतं काय? वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढलं: शहरात महिना वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही. मला पहिलं वर्षभर दर शनिवारी पेट्रोलचे पैसे मिळायचे आणि तेही सिनिअरांच्या लक्षात राहिलं तर.

पंधरा हजार मिळकत आणि सोळा हजारांचा हप्ता. पोरीचं मन कितीही घट्ट असो, सहाव्या महिन्यात ती कंपनीच्या नोकरीसाठी बायोडाटा पाठवणार. यात तिचा दोष नाही. तिची पहिली नोकरी बँकेने ठरवली, एवढंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की लोकांसाठी वकिली करायची असेल तर असं कॉलेज घ्या, जे संपल्यावर तीन-चार वर्षं कमी पैशांत काढणं परवडेल. एनएलयूत शिष्यवृत्ती मिळत असेल, घरची ऐपत असेल, तर माझा विरोध नाही. उलट आनंदाने पाठवा.

दुसरा प्रश्न मी पोरीलाच विचारते. कॉलेजपासून कोर्ट किती लांब आहे? त्यावर ती बहुधा गप्प होते. असं का विचारते, ते माझ्या एका नामुष्कीतून सांगते.

सनद मिळून दोन महिने झाले होते. माझे सिनिअर विधी सेवेच्या पॅनलवर होते, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस त्यांच्याकडे यायच्या. चोरीच्या गुन्ह्यातला एक पोरगा कोठडीत होता. अशा गुन्ह्यात पोलिसांनी साठ दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दिवस अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, मोजायचे. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत यावर पाच मार्कांची टीप लिहून आले होते. एकसष्टाव्या दिवशी सिनिअर बाहेरगावी होते, फोनवर म्हणाले, "अर्ज टाक, लगेच." मी बार रूमच्या लायब्ररीत बसले आणि चार पानी अर्ज तयार केला. तीन निवाडे, तेही परिच्छेदांसकट. टायपिंग झालं, तिकीट लावलं, पावणेएकला कोर्टात गेले. बेंच क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, चार्जशीट बाराला आली की."

संपलं. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज पडला नाही तर तो हक्क जातो. अर्धा कागद पुरला असता. तीन ओळी, हातानं लिहिलेल्या, सकाळी अकरा वाजता. ही शर्यत असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रिमांड कोर्टाची पायरी चढलेली नव्हती, आणि कॉलेज शहराबाहेर माळावर असल्यामुळे आम्हीही नाही. त्या पोराची आई बाहेर बाकावर कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. पुढे रीतसर जामीन झाला, पण जामीनदार मिळेपर्यंत आणखी सात आठवडे गेले.

तर कोर्ट जवळ हवं. बार कौन्सिलच्या नियमांत इंटर्नशिप सक्तीची आहेच: तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला वीस. पण सुट्टीत महिनाभर जाऊन आलं की कोर्टाचा वास येतो, काम येत नाही. सकाळचे तास करून अकराला कोर्टात बसणारी मुलं दुसऱ्या वर्षी रोजनामा, म्हणजे केसच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, वाचायला शिकतात आणि तिसऱ्या वर्षी कारकुनाशी नीट बोलायला. दुसरी गोष्ट जास्त अवघड.

भाषेचं तर विचारूच नका. आमच्याकडे साक्ष मराठीत चालते. "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी शेतात नव्हतो," या थाटाची. बांध, फेरफार, पंचनामा, फितूर पंच, हे सगळं मराठीत. इंग्रजीत मूट कोर्टाची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटुच्या खटल्याची, ढाल जिंकून आलेला माझा एक मित्र पहिल्या उलटतपासणीत साक्षीदाराला "आपण असे सूचित करता का" असं विचारून बसला. म्हातारा न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, "साहेब, हे काय म्हणत्यात?" महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर मराठी लिहिता-बोलता येणं आणि दोन्ही बाजूंनी भाषांतर करता येणं नियमातच आहे. पाच वर्षं मराठी कानावर पडणारच नसेल, तर त्याची सोय पोरीने स्वतः करून घ्यायला हवी.

आता एनएलयूच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर मला गावचा अभिमान चढलाय असं वाटायचं. देशातलं पहिलं एनएलयू, बेंगळुरूचं, १९८८ मध्ये कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन यांच्या पुढाकाराने शिकवू लागलं, आणि वकिलीचं शिक्षण गांभीर्याने घ्यायची सवय या देशाला त्यातून लागली. लायब्ररी, शिक्षक आणि बरोबरीची हुशार मुलं यांची किंमत करता येत नाही. दिल्लीच्या एनएलयूतल्या विद्यार्थ्यांनी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटून माहिती गोळा केली आणि २०१६ मध्ये त्याचा अहवाल आला. जिल्ह्याच्या कॉलेजातून असलं काम होणं कठीण. धोरण, संशोधन, सर्वोच्च न्यायालय, परदेशात पुढचं शिक्षण, यातलं काही डोक्यात असेल तर नावाला वजन आहे आणि ते मान्य करायला लाजू नये. फक्त आमच्या मॅजिस्ट्रेटसमोर ते वजन कुणी काट्यावर ठेवत नाही.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं. १९३५ मध्ये बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले. उच्च न्यायालय तिथून चालत गाठता येतं. असा योग जमत असेल तर मला फोन करायचीही गरज नाही.

कॉलेज बघायला गेलात तर विधी साहाय्य केंद्र दाखवा म्हणा. नियमाप्रमाणे ते प्रत्येक कॉलेजात असायला हवं, पाटी असतेच. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली की समजायचं. उघडलंच, तर रजिस्टर मागा. गेल्या महिन्यात कोण आलं, काय हवं होतं, कोणत्या विद्यार्थ्याने काय केलं. एका ठिकाणी मला मोडकी बाकं आणि गणपतीची मखर दिसली. दुसऱ्या ठिकाणी, अगदी साध्या कॉलेजात, पोटगीच्या अर्जांचे अकरा कच्चे खर्डे फायलीला लावलेले होते, लाल पेनाने सुधारलेले. त्या मास्तरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि एक. गरिबांचं काम म्हणजे फुकटचं काम, ही समजूत आता जुनी झाली. २०२२ च्या योजनेनंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झालीत. आरोपींचा बचाव करायला तिथे मानधनावर पूर्णवेळ वकील असतात, आणि सहायक लोकअभिरक्षक म्हणून अगदी नव्या वकिलालाही अर्ज करता येतो. काम कंत्राटी आहे, हेही सांगायला हवं. सहायक सरकारी वकिलाची जागा पक्की असते, पण एमपीएससीची जाहिरात कधी निघेल याची वाट बघत बसावं लागतं. यूपीएससीसाठी म्हणून लॉ करायचं असेल तर तो वेगळा विषय, त्यात माझी मदत नाही.

एवढं सांगून झालं तरी शेवटी प्रश्न तोच येतो, मग कुठं घालू? मी म्हणते, सोमवारी पोरीला घेऊन कोर्टात या. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. मोबाइल तेवढा बंद ठेवा. गेल्या वर्षी एक बाप-लेक खरंच आले. अकरा ते दोन नुसत्या तारखाच पडल्या, बाप दोनदा चहाला जाऊन आला. दुपारच्या सुट्टीनंतर त्याने हळूच विचारलं, "मॅडम, ते रँकिंगचं…" पोरीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, थांबा ना. साडेतीनला आरोपी आणणारेत."