आजोबांचा दाखला सापडला तो दिवस

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात. गणिताबरोबरच करिअर मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आहे. त्याला वेळापत्रकात तास नाही; दहावीचा निकाल लागला की एखादं व्याख्यान होतं आणि झालं मार्गदर्शन.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी आठवीसाठी आम्ही दप्तराविना दिवस ठेवला. सहावी ते आठवीच्या मुलांना असे दहा दिवस स्थानिक कारागिरांबरोबर शिकू द्यावं, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दहावीतल्या एका मुलाचे (त्याला इथे व्यंकटेश म्हणते) वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांनाच बोलावलं.

येताना ते जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रणेचे, जुने पुठ्ठे घेऊन आले. एक पुठ्ठा खिडकीसमोर धरला. भोकांतून उजेड आला.

"इथं भोक आहे, सुई आत जाते, धागा वर उचलतो. भोक नाही, धागा खालीच. मोर काढा नाहीतर फूल, सगळं हितं लिहिलेलं असतंय."

एका मुलीने विचारलं, "चुकून एक भोक जास्त पडलं तर?"

"मग प्रत्येक चादरीत त्याच जागी चूक. ती शोधायची म्हणजे माझं काम."

फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसाने (त्यावरूनच जेकार्ड) हा माग 1804 च्या सुमारास आणला आणि पुढे संगणकांनाही कितीतरी वर्षं असल्याच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून माहिती दिली जायची, हे मी सांगितलं. त्यानंतर मुलांनी त्यांना तासभर सोडलं नाही. इतका जिवंत तास मी वर्षात घेतला नव्हता.

चहा घेताना मात्र ते म्हणाले, "बाई, तुम्ही बोलावलं म्हणून आलो. पण माझ्या पोराला या धंद्यात घालू नका. जेवढा माल तेवढाच पैसा, माग बंद तर चूल बंद." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. श्रमप्रतिष्ठेचे गोडवे गाऊन मी त्यांना गप्प करणार नव्हते. दहावी झाली की पोराला पुण्यात नातेवाइकाच्या दुकानात पाठवायचं त्यांनी पक्कं केलं होतं. मुलाला आयटीआय हवा होता. वडिलांच्या लेखी तिथे कमी मार्कांची पोरं जातात आणि पुढे रस्ता संपतो.

मी कागद घेतला आणि रस्ता काढून दाखवला. दहावीनंतर दोन वर्षं इलेक्ट्रिशियन किंवा फिटर. त्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मधे कुठेही थांबून नोकरी धरता येते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

2016 पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत कल कळायचा. चाचणी वाईट नव्हती. पण "तांत्रिक" असा शेरा हातात आल्यावर कुठे जायचं, काय कागद लागतात, ते घरात कोण सांगणार?

कागदांचाच प्रश्न निघाला. व्यंकटेशचं घर पद्मशाली; हा समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. राखीव जागा आणि शुल्कसवलत दोन्ही जातीच्या दाखल्यावर. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचा पुरावा मागतात. व्यंकटेशच्या वडिलांनी पूर्वी एकदा सेतूत चौकशी केली होती, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. आजोबा वारलेले, घरात एक चिटोरं नाही.

"आजोबा शाळेत गेले होते का?"

"गेलेते की. हितंच, दोन-तीन वर्षं."

आमच्या लिपिकांनी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवह्या काढल्या. पानांच्या कडा हात लावला की तुटत होत्या, शाई तपकिरी झालेली. आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक गुरुजींनी आपापलं लिहिलेलं, त्यामुळे ओळन् ओळ वाचावी लागली. जेवणाची सुट्टी संपली, माझा तास दुसऱ्या बाईंनी घेतला. 1956 च्या पानावर नाव सापडलं. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात "पद्मशाली". वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही, म्हणाले, "पोराला बोलवा, बाई."

मुख्याध्यापकांनी उताऱ्यावर त्याच दिवशी सही केली. प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला यायला वेळ लागला, पण प्रवेशाच्या आधी आला. जूनमध्ये निघालो असतो तर प्रवेश हुकलाच असता, आणि दरवर्षी अशी मुलं हुकतात. गुण असतात, आवड असते, फक्त कागद नसतो.

व्यंकटेश आता इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. आणि आम्ही आठवीच्या पहिल्याच पालकसभेत विचारतो, आजोबा-पणजोबा कुठल्या शाळेत होते. शनिवारचा एक तास मुख्याध्यापकांनी या कामाला दिलाय. तसा तास राज्यातल्या प्रत्येक शाळेला मिळावा आणि तो घेणाऱ्या शिक्षकाला आयटीआय, पॉलिटेक्निक, दाखले यांचं रीतसर प्रशिक्षण मिळावं, असं पत्र मी शिक्षण विभागाला पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवणार आहे.