अण्णांच्या चपला घट्ट झाल्या होत्या

"किती दिवसांपासून होतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. आई म्हणाली, चार दिवस. दादा म्हणाला, दहा-बारा दिवस तरी, खोकला होता ना. मी म्हणाले, मागच्या रविवारी फोनवर बोलले तेव्हा तर बरे होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्वतःला सांगता येत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पाठीशी तीन उशा, आणि एका दमात दोन शब्दसुद्धा निघत नव्हते.

मार्चची अठरा तारीख होती. मी पुण्यात हडपसरला एका टॅक्स कन्सल्टंटकडे नोकरी करते, तेव्हा मार्च कसा जातो ते वेगळं सांगत नाही. दादाचा फोन आला तसं मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठलं. त्यानं अण्णांना रिक्षातून दवाखान्यात आणलं होतं. १०८ ला फोन करावा हे त्या धांदलीत कुणालाच सुचलं नाही.

ईसीजीत जुन्या झटक्याच्या खुणा होत्या. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग तीस टक्के. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सावकाश समजावलं. पंधरा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या नसा बधिर होऊ शकतात, त्यामुळे छातीत न दुखताही अटॅक येऊन जाऊ शकतो. नंतर हृदयाला रक्त पुढे ढकलणं झेपत नाही, पाणी फुप्फुसात आणि पायांत साचत जातं. "कधी सुरू झालं ते कळलं तर मला मदत होईल. सपाट झोपायचं कधी बंद केलं? चालताना कधीपासून थांबायला लागले? आठवून सांगा."

आम्ही आठवत होतो ते एकच, अण्णांनी 'दुखतंय' कधी म्हटलं. ते त्यांनी म्हटलंच नव्हतं.

रात्री दादा सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स देत होता. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून घरच्या ग्रुपवरचे अण्णांचे मेसेज उलटे वाचायला घेतले. आज, काल, परवा, मग फेब्रुवारी, जानेवारी. थोड्या वेळानं चॅट एक्सपोर्ट करून सगळा मजकूर एका फाइलमध्ये घेतला आणि वहीत तारखा मांडायला लागले. हिशेबात फरक निघाला की आम्ही हेच करतो, जिथपर्यंत ताळा जुळतो तिथपर्यंत मागे जातो.

अण्णा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचे. लिहायचा कंटाळा, पण बोलायची भारी हौस. ग्रुपवर त्यांचे व्हॉइस मेसेज यायचे, अस्सल सोलापुरी. "काय करलालीस गं? जेवलीस का नाही?" मग भाजी मंडईतले भाव, मॅच, शेजारच्या घरातलं भांडण, नातवाला "ये की बाबा एकदा, हुरडा खाऊ". नोव्हेंबरमध्ये एकसष्ट व्हॉइस मेसेज होते. सगळ्यात मोठा दोन मिनिटं दहा सेकंदांचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार, आणि त्यातला मोठ्यातला मोठा अकरा सेकंदांचा.

ते अकरा सेकंद मी कानाला फोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले. "जेवण झालं. आईला… बरं आहे. तू… काळजी घे." 'आईला' म्हणून झाल्यावर श्वास घेतल्याचा आवाज आहे, खालून पाणी ओढताना पंपाचा येतो तसा. तो मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. कमी आवाजात ऐकून हात जोडल्याची खूण पाठवली होती.

व्हॉइस कमी होत गेले तसे टाइप केलेले मेसेज वाढले होते. पण ते अण्णांचे वाटतच नव्हते. "ठीक आहे." "पोहोचलो." "नंतर बोलू." 'की' नाही, 'गं' नाही, 'करलालीस' तर जानेवारीनंतर एकदाही नाही. जन्मभर ज्या बोलीत बोलले ती गळून पडली आणि शाळेच्या पुस्तकातली मराठी उरली. बोलीत बोलायला दम लागतो, हे मला त्या बाकावर कळलं.

गड्ड्याच्या जत्रेचं घ्या. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अण्णा नंदीध्वजांबरोबर चालणार, संमती कट्ट्यावर अक्षता टाकणार आणि होम मैदानावरच्या जत्रेतून आम्हाला फोटो पाठवणार, हे दरवर्षीचं. यंदा अक्षतांच्या दिवशी एकच ओळ आली, "गर्दी फार असते. टीव्हीवर पाहिलं." दादानं खाली लिहिलं होतं, बरं केलंत अण्णा. मी अंगठा दाखवला होता.

आणि जसजशी मजेची गोष्ट कमी झाली, तसतशी आम्हा सगळ्यांची नावं वाढली. "आईकडे लक्ष देत जा." "दादाला रागावू नकोस, तो एकटा सगळं बघतो." "नातवाला माझा आशीर्वाद." फेब्रुवारीत हे वाचून मला भरून आलं होतं. वय झालं, बाप हळवा झाला, असं मी नवऱ्याला म्हटलेलं मला आठवतं.

९ फेब्रुवारी, सकाळी सात: "रात्री बसून झोपलो. उकडत होतं." सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. पण पलंगावर आडवं होण्याऐवजी माणूस बसून झोपतो, आणि ते फेब्रुवारीत!

२१ फेब्रुवारी: "चपला घट्ट झाल्या. नव्या घ्याव्या लागतील."

याच्या खाली माझं उत्तर आहे. मी ऑनलाइन चपलांची लिंक टाकली, नंबर विचारला आणि एक नंबर मोठ्या मागवून दिल्या. त्या आता दवाखान्यात त्यांच्याच कॉटखाली होत्या. मी त्यांच्या पायाच्या नडगीवर बोटानं दाबून पाहिलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. पावलं सुजली होती आणि मी मोठ्या चपला पाठवल्या होत्या.

हे सगळं घरच्या ग्रुपवरचं होतं, सगळ्यांनी वाचलेलं. अण्णांचा दुसरा ग्रुप कारखान्यातल्या जुन्या मित्रांचा आहे. तो न विचारता उघडणं मला बरं वाटेना. सकाळी त्यांचा मास्क थोडा वेळ काढला तेव्हा विचारलं, "अण्णा, तुमच्या मित्रांचा ग्रुप बघू का? डॉक्टरांना तारीख पाहिजे." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग उशीखालचा फोन माझ्याकडे सरकवला. उत्तर तिथं होतं. हे पाच-सहा जण रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं फिरून कट्ट्यावर बसतात. ६ जानेवारीला अण्णांनी तिथं लिहिलं होतं, "काल रात्री लई घाम आला, मळमळलं. ॲसिडिटी असंल. आज येत नाही." आणि २२ जानेवारीला, "उद्यापासून मी फिरायला नाही, थेट कट्ट्यावर येतो."

मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि ६ जानेवारीवर पेनानं गोल केला. "बहुतेक हाच तो दिवस," म्हणाले. अँजिओग्राफी, स्टेंट आणि औषधं हे पुढे त्यांच्या हिशेबानं झालं. अंगातलं पाणी काढणाऱ्या इंजेक्शनांनी पाच दिवसांत अण्णांचं वजन सहा किलोंनी उतरलं. एवढं पाणी अंगात घेऊन माणूस हिंडत होता. मध्ये घराजवळच्या एका दवाखान्यात त्यांना दोन वेळा खोकल्याचं औषध मिळालं होतं. त्याचा राग मला आहे, पण चपलांचा जास्त आहे.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत मी या विषयावर वाचत गेले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला आहे. रुग्णांची परवानगी घेऊन त्यांच्या फेसबुकवरच्या पोस्ट आणि दवाखान्यातल्या नोंदी शेजारी ठेवल्या. माणूस इमर्जन्सीत पोहोचण्याच्या आधीच्या अडीच महिन्यांत त्याची भाषा बदललेली दिसली. मोकळी, घरगुती भाषा कमी झाली होती, उदास सूर वाढला होता. खेळ, मजा, आराम असे शब्द कमी आणि कुटुंबाचे, तब्येतीचे जास्त. दवाखान्यात भरती होण्याआधी दुखण्याचा उल्लेख वाढला होता आणि लोकांत मिसळण्याची भाषा आटली होती. ६ जानेवारी ते १८ मार्च मी बोटांवर मोजलं. अडीच महिन्यांना काही दिवस कमी.

त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलना केली नाही, प्रत्येकाची त्याच्याच आधीच्या बोलण्याशी केली. माझी आई मुळातच दोन शब्दांत बोलते. तिचं "ठीक आहे" म्हणजे खरंच ठीक आहे. अण्णांचं नव्हतं. त्या अभ्यासात पोस्टवरून अंदाज बांधणारा कॉम्प्युटर काही भविष्य सांगत नाही, हेही लिहायला हवं. नाणं उडवल्यासारखा अंदाज म्हणजे ०.५ आणि अचूक म्हणजे १, अशा मापावर इमर्जन्सीसाठी ०.६४ आणि भरतीसाठी ०.७० इतकंच जमलं. माणूस अबोल व्हायला शंभर कारणं असतात.

ते मला घरीच अनुभवाला आलं. अण्णा घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की मीठ कमी, पाणी मोजून आणि रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दाखवायचं. शेंगा चटणी, लोणचं आणि पापड ताटातून गेले. त्यातलं चटणीचं दुःख अण्णांना अजून आहे. वजनाचा आकडा त्यांनी रोज ग्रुपवर बोलून पाठवायचा असं ठरलं, म्हणजे आकडाही कळेल आणि आवाजही. मेच्या सुरुवातीला एके दिवशी नुसतं टाइप केलेलं आलं, "ठीक आहे." माझे हात गार पडले. मी दादाला कामावरून घरी पाठवलं, आईला पाय दाबून बघायला सांगितलं, शेजारच्या काकांना वर जायला लावलं. अण्णांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांचा जुना मित्र आदल्या रात्री गेला होता आणि त्यांना कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनीच फोन केला. आवाज चढलेला होता. "माणसानं एक दिवस गप बसू नये काय गं? माझं तोंड, माझी मर्जी. सारखं पहारा करलालाव तुम्ही सगळे."

मी ऐकून घेतलं. खरं होतं ते. मग आम्ही दोघांनी तोडगा काढला. बोलावंसं वाटलं नाही तर त्यांनी 'आज गप' एवढंच लिहायचं, खाली वजन टाकायचं, आणि त्या दिवशी कुणी फोन करायचा नाही.

काल 'आज गप' आलं. खाली ६१.४.