आमच्या शाळेत कला शिकवतं कोण?

शाळेत कलाशिक्षक नाही, तरी व्हरांड्यात मातीचे बैल आणि अडकित्त्यांची चित्रं कशी, असं येणारा जो तो विचारतो. मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: “आम्ही रंगपेट्या पाठवू का?” पाठवा, नाही म्हणत नाही. पण रंगपेट्या पुष्कळ साठल्यात, कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला येतच असतात. शिकवणारं माणूस मात्र कुणी पाठवत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे काही तासांपुरता शिकवणारा माणूस, आहे, पण तो सहावी ते आठवीला, आणि पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. त्याखालची कला वर्गशिक्षकाच्या गळ्यात, म्हणजे माझ्या. मला पट्टीशिवाय रेघ सरळ येत नाही. पण शाळा पुण्यात कसबा पेठेजवळ आहे, कुंभारवाडा आणि तांबट आळी मुलांना चालत जाण्यासारखी. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात. तेव्हा समितीच्या सभेत वर्गणीचा विषय न काढता, घरात कोण काय काम करतं एवढंच विचारलं. पाट्या रंगवणारे निघाले, मांडववाले निघाले, साड्यांना गोंडे करणाऱ्या आया निघाल्या. आणि एका मुलाचे कुंभार आजोबा.

आजोबांची सवड सांभाळावी लागते. गणपती, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, मग सुगडं. संक्रांत उरकली की माठांची गडबड सुरू होईपर्यंत ते आमचे. चौथीच्या वर्गात जमिनीवरच बसतात आणि मातीचे बैल-घोडे करून घेताना सांगतात: पाय चिकटवायच्या आधी दोन्हीकडे काडीने ओरखडे काढा, मधे पातळ चिखल लावा, नाहीतर वाळताना सुटतो. पोट खालून पोकळ करा, भरीव ठेवलंत तर भट्टीत फुटेल. एका मुलीने घोड्याला लांब, बारीक पाय केले होते. मी असते तर “छान” म्हणून पुढे गेले असते. आजोबांनी घोडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हा उभा राहायचा नाही, पोरी. याला बसव.” तिने तोंड वाकडं केलं, मग पाय पोटाखाली दुमडले. व्हरांड्यातला तो बसलेला घोडा तिचा. असं खरं बोलायला त्या मातीवर पोट भरलेलं माणूसच लागतं.

फुकट मात्र कुणाला बोलवत नाही. हातावर पोट असलेला माणूस दुपार बुडवून येतो. एकदा येईल, दोनदा येईल, मग कशाला येईल? मानधन गल्लीतलं गणेश मंडळ देतं. मंडळांना नावं ठेवणारे पुण्यात कमी नाहीत, पण पेठेत आजही हाकेला धावणारी तीच माणसं.

जुन्या वस्तूंच्या केळकर संग्रहालयात मुलांना घेऊन जातो तेव्हा अख्खं संग्रहालय पाहत नाही. फक्त अडकित्ते. प्रत्येकाने एकच निवडायचा, त्याच्यासमोर बसून काढायचा. “बाई, पुढची खोली कधी?” पुढच्या वर्षी.

एका दिवसाच्या कार्यशाळांना मी आता सरळ नकार देते. शनिवारी एकसारखे टी-शर्ट घालून मंडळी येतात, भिंतीवर झाड-पक्षी आधीच आखलेले असतात, मुलांनी आत रंग भरायचा, फोटो काढायचे. भिंत छान दिसते, पण मुलाने त्यात ठरवलेलं काहीच नसतं. त्यापेक्षा एकाच माणसाने दर बुधवारी तासभर यावं, आणि त्या तासाला वर्गशिक्षकानेही मुलांबरोबर मातीत हात घालावेत, मागे बसून वह्या तपासू नयेत.

आणि बदल्या होतातच. म्हणून वार, तास, मानधन सगळं समितीच्या इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्यात. उद्या नवे मुख्याध्यापक आले आणि बुधवारी गणिताचा जादा तास लावायला निघाले, तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना भांडायला हातात कागद हवा.