फेटलिंग

विमानाच्या प्रतिकृतीचा खोका उघडला तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. आत विमान नव्हतंच. करड्या प्लॅस्टिकच्या चार चौकटी, त्यांना लोंबकळणारे शेकडाभर तुकडे, काचेचं वेगळं पाकीट आणि एक माहितीपत्रक. बाबांनी एक चौकट खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं आणि म्हणाले, "हा रनर की रे. आणि ही बघ पार्टिंग लाइन. फेटलिंग कराय पाहिजे याचं."

बाबांची तीसेक वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत गेली. रनर, म्हणजे लोखंड ओतायच्या वाटेत गोठलेले दांडे तोडायचे, कडेला आलेली फ्लॅश, म्हणजे जादा पापुद्रा, ग्राइंडरवर घासायची, पुढचा तुकडा घ्यायचा. हेच फेटलिंग. मी ज्याला हौस म्हणून पैसे मोजत होतो, ते त्यांच्या लेखी पगाराचं काम. साचा तापलेल्या लोखंडाचा असो की प्लॅस्टिकचा, दोन अर्धुकं जिथं मिळतात तिथं रेघ उमटणारच. ती रेघ गेल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक. मला मात्र वाटलेलं, आपण काहीतरी फार नाजूक, साहेबी काम करणार आहोत.

विमान मिग-२१, १:७२ प्रमाणातलं. खऱ्याच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर तो दहा सेंटिमीटरही भरत नाही. १९६३ साली हे आपल्या हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला. मधल्या काळात कितीतरी मिग आपल्याच नाशिकजवळ ओझरला बनले. मी निवडलेलं त्यातलंच, एफएल प्रकारचं, म्हणजे टाइप ७७. चंदेरी, तेव्हाच्या थाटाचं. लहानपणी सांबऱ्याच्या विमानतळाच्या बाजूनं आवाज आला की गच्चीवर धावायचो, मान मोडेस्तोवर वर बघायचो. मिग दिसला होता की नाही, देव जाणे. आठवणीत मात्र सगळी विमानं मिगच आहेत.

पहिली अडचण नाकाची. तीन चाकांवरच्या या विमानाची शेपटी जड, नाक हलकं. काही केलं नाही तर ते टेबलावर शेपटी टेकून बसतं, पाहुणा चहाची वाट बघत बसावा तसं. म्हणून चिकटवण्याआधीच नाकात वजन घालायचं. मिगच्या तोंडात एक हिरवा सुळका असतो, खऱ्या विमानात त्याच्या आत रडार. मी शिशाच्या शोधात असताना बाबा माडीवर गेले आणि एका जुन्या डबीतून शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे ओतीव मालावर मारून तो साफ करायच्या, पोलादी गोळ्या घेऊन आले. मोहरीएवढ्या. रडारच्या जागी उद्यमबाग बसली.

कॉकपिट करायला सहा रात्री लागल्या. रशियन कॉकपिट निळसर हिरव्या रंगाचं. पण खरी गोष्ट पुढच्या उपकरण-फलकावर आहे. मिग-२१च्या फलकावर मधोमध एक पांढरी उभी रेघ ओढलेली असते. विमान गरगरत खाली यायला लागलं, वैमानिकाचं डोकं चालेनासं झालं, की त्यानं विमान चालवायचा दांडा त्या रेघेच्या सरळ धरायचा. इतकी साधी सोय, जीव वाचवणारी! माझा फलक नखाएवढा. शहापुरातल्या एका मूर्तिकाराकडून तीन शून्यांचा, अगदी बारीक ब्रश मागून आणला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात तो. ते म्हणाले, "रेघ ओढताना श्वास सोडू नका, धरून ठेवा." चौथ्या वेळी ती सरळ आली. आता वरून काच बसली आहे आणि ती रेघ कुणालाच दिसत नाही. मलाही नाही.

काचेची तर वेगळीच कथा. पहिली मी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली. त्याची वाफ काचेला बसली आणि वैमानिकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखं पांढरं पडलं. दुसरी काच मागवावी लागली, ती साध्या फेविकॉलनं बसवली.

मग आला बेळगावचा पाऊस. जुलैत इथं आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. अशा हवेत फवारलेला रंग ओल ओढतो, चकाकीवर धुकं चढतं. मूर्तिकारही तेव्हा हेच सोसत असतात, मूर्तींपुढं हॅलोजनचे दिवे लावून. मी स्वयंपाकघरात गॅसजवळ फवारणी करायचा विचार केला होता, बायकोनं तो तिथंच मोडून काढला. बरं झालं, थिनर पेट घेणारा असतो. शेवटी उघडीप मिळाली आणि काळ्या चकचकीत थरावर अ‍ॅल्युमिनियमचा रंग बसला. बाबा म्हणाले, "आत्ता कसं झालंय बघ, झकास!"

इथं थांबायला हवं होतं. पण यानंतरच तर डीटेलिंगचा खरा नाद सुरू होतो. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडायचा, तो आपसूक खाचेतून धावतो. बघायला फार सुख. हिशेबाला मात्र खोटं. पाव मिलिमीटरची खाच ७२नं गुणली तर अठरा मिलिमीटरची फट होते, एवढ्या फटीत अंगठा जाईल. तरी सगळे करतात, मीही केलं. मग नोझलभोवती जळका तांबूस रंग, पोटाखाली तेलाचे ओघळ, शेपटीजवळ खडू घासून केलेली काजळी. तीन रात्री बाबा झोपल्यावर मी नवं कोरं विमान मळवत होतो. काजळी पक्की करायला वरून मॅट वार्निश लागतं, पण पाऊस पुन्हा लागला होता, म्हणून ते उघडिपीवर टाकलं आणि विमान कपाटावर ठेवून दिलं.

रविवारी उठलो तर विमान टेबलावर होतं. लखलखीत. शेजारी दुमडून ठेवलेलं मऊ फडकं.

"किती काजळी धरलेली रे," बाबा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "पुसून ठेवलंय."