आधी दारे उघडा, मग खुर्च्या बदला

शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाची चर्चा सुरू झाली, की खुर्च्या, रंग आणि दर्शनी भागाची रोषणाई हेच विषय सर्वप्रथम निघतात. उद्घाटनाच्या छायाचित्रात जे दिसणार, तेच अंदाजपत्रकात वर जाऊन बसते. हौशी नाटकांच्या प्रकाशयोजनेच्या निमित्ताने माझा बराच काळ अशा वास्तूंच्या मागच्या बाजूला गेला असल्यामुळे असेल कदाचित, पण मला हा क्रम उलटा वाटतो. संध्याकाळच्या प्रयोगाचे दोन-तीन तास सोडले तर दिवसभर कुलूप असलेल्या वास्तूकडे येणारे-जाणारे पाहीनासे होतात, आणि पुढे ती पाडायची वेळ आली तरी हळहळणारे फारसे कोणी उरत नाही. म्हणून पहिला प्रश्न दारांचा आहे.

लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. १९५१ साली सुरू झालेल्या या सभागृहाचे प्रशस्त दालन १९८३ पासून दिवसभर सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. तिकीट असो वा नसो, कोणीही आत यावे, बसावे, वाचावे. २००५ ते २००७ या काळात सभागृह बंद ठेवून मोठी दुरुस्ती झाली. पण ज्या दालनात लोक वर्षानुवर्षे नुसते येऊन बसत होते, त्या वास्तूचे महत्त्व त्यांना वेगळे पटवून देण्याची गरज फारशी उरली नसणार.

अमेरिकेतील क्लीव्हलंडची कथा याहून अधिक चित्तवेधक आहे. तिथे १९२१-२२ मध्ये एकमेकांलगत उभी राहिलेली नाट्यगृहे १९६९ पर्यंत बहुतेक बंद पडली होती, आणि १९७२ मध्ये त्यांतील काही पाडण्याची भाषा सुरू झाली. रे शेपर्डसन या शाळा-मंडळातील कर्मचाऱ्याने त्यांच्या बचावाची चळवळ उभी केली. १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या मुख्य प्रेक्षागृहात नव्हे, तर त्याच्या लांबलचक प्रवेशदालनात एक संगीत कार्यक्रम सुरू झाला. तो काही आठवड्यांसाठी ठरलेला होता. चालला मात्र दोन वर्षांहून अधिक. ओहायो थिएटर १९८२ मध्ये, स्टेट १९८४ मध्ये आणि पॅलेस १९८८ मध्ये पुन्हा उघडले. म्हणजे प्रेक्षक परतले ते इमारती अर्धवट पडक्या असतानाच, आणि त्यांच्या येण्यामुळेच दुरुस्तीला बळ मिळाले.

दुरुस्ती नकोच, असे अर्थातच नाही. पण ती कुठून सुरू करायची, हे रंगमंचाच्या फळ्यांवर एकदा अनवाणी चालून पाहिले तरी कळते. वर्षानुवर्षे सेट ठोकून ठोकून त्या फळ्या भोकांनी भरलेल्या असतात, मधूनच खिळ्याचे डोके वर आलेले असते, आणि नृत्याचा कार्यक्रम असला की कोणीतरी त्यावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेते. वर पाहावे तर पडदे आणि दिवे तोलणाऱ्या दोरांचे वय कोणालाच सांगता येत नाही. दिव्यांची जुनी वायरिंग, बाहेर पडण्याच्या वाटेत रचून ठेवलेले सामान आणि आतून न उघडणारी दारे हा तर थेट जिवाशी खेळ आहे. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये १९०३ साली लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यामागे अडलेल्या आणि न उघडलेल्या दारांचा मोठा वाटा होता. त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी वायरिंग, दारे आणि दोर, झुंबर नंतर.

खुर्च्या बदलण्यातही एक मेख आहे. वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ पासून तेथील एका व्याख्यानगृहात प्रयोग केले. तिथे बोललेला शब्द तब्बल साडेपाच सेकंद घुमत असे. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो त्या सभागृहात मांडत असे आणि घुमणे किती कमी होते, ते मोजत असे. गादी आवाज शोषते, हे एकदा लक्षात आले की टिकाऊ म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या बसवण्याचा निर्णय किती महागात पडू शकतो, ते वेगळे सांगायला नको. रिकामी खुर्चीही बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषणारी असावी, म्हणजे तालमीत ऐकू आलेले प्रयोगातही तसेच ऐकू येते.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला जातो, पण तो बहुधा प्रेक्षागृहापर्यंतच. रंगपटात आणि रंगमंचावर जाण्यासाठी पायऱ्याच राहतात, जणू अपंग व्यक्तीने नाटक फक्त पाहायचे असते! स्वच्छतागृहांबद्दल तर काय लिहावे. मध्यंतरात बायकांची रांग पाहिली की आराखडा कोणी केला असेल, याचा अंदाज येतो.

अशा कामाच्या समितीवर वास्तुविशारद आणि अभियंते असतातच. रंगमंच कामगारालाही तिथे मानाने बसवावे, कारण कोणता दोर अडकतो आणि पावसात कोणत्या विंगेत पाणी टिपकते, हे तो नकाशा न पाहता सांगू शकतो. शिवाय सगळी वास्तू एकदम बंद न करता तालमीची खोली आणि प्रवेशदालन शक्य तितके चालू ठेवावे. काम संपल्यावर भाडेही सर्वांना सरसकट एकच नसावे. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक संस्थांनी पूर्ण दराने घ्याव्यात आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या सकाळ-दुपारच्या वेळा शाळांना, हौशी मंडळांना आणि नवोदित गायकांना वीज व सफाईच्या खर्चापुरत्या दरात मिळाव्यात.