पाटाची नोंद

मोडी वाचून देतो म्हटलं की हल्ली लोकांना जातपडताळणीच आठवते. कुणबी नोंद, 1967 च्या आधीचा पुरावा, आजोबा-पणजोबांची रांग. त्या वंशावळीत बाई लागतच नाही, बापावरून वर चढायचं असतं. त्यामुळे धुळ्याच्या एक शिक्षिकाबाई "मला फक्त पणजी शोधायचीय, दाखला नको" म्हणत आल्या, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

पणजीचं सासर अमळनेर तालुक्यात. माहेर कोणालाच ठाऊक नाही. तिच्याकडचा आहेर कुठल्या कार्यात आला नाही, दिवाळीला कोणी मुराळी आला नाही. घरात दंतकथा दोन: ती निमाडातल्या पाटलाची लेक, किंवा छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सापडलेली पोर. दोन्ही ऐकायला झकास. माझ्या कामाचं बोलल्या त्या म्हाताऱ्या आत्या: "तिनं बोलनं आम्हनामायक नव्हतं." म्हणजे आमच्यासारखं नव्हतं. कसं होतं, तर यावल-रावेरकडच्या बायकांसारखं.

बाईंनी आधी धुळ्यात बरीच शोधाशोध केली होती. पण 1906 ला खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि अमळनेर पूर्व खानदेशात गेलं. त्यानंतरचे कागद जळगावच्या बाजूला शोधायचे. लग्नाची नोंद गावात होतच नसे, म्हणून आम्ही कोतवाल बुकं मागवली, जन्ममृत्यूची.

रुमाल, म्हणजे दप्तराचं कापडी गाठोडं, सोडला आणि 1918 चं पान निघालं. पावसाळा सरतानाच्या नोंदी वाचवत नाहीत. मरणाचं कारण ताप. खाली ताप. पान उलटलं तरी ताप. इन्फ्लुएंझाची साथ ती. मध्येच अक्षर बदलतं. लिहिणाराही आजारी पडला असावा, असं मला उगाच वाटून गेलं. त्यातच पणजोबांच्या पहिल्या बायकोचा मृत्यू सापडला. ही पहिली बायको घरात कोणाला माहीतच नव्हती.

पुढे 1920. पणजोबांच्याच घरात चार वर्षांचा मुलगा वारलेला. बापाचं नाव मात्र भलत्याच माणसाचं, आणि पुढे गाव: आजच्या यावल तालुक्यातलं.

"हे आमचं घर नाही," बाई म्हणाल्या. मी बोट सरकवून पुन्हा वाचून दाखवलं. घर तेच होतं. मुलगा दुसऱ्याचा होता.

मग त्या गावचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढले. त्या बापाचाही मृत्यू 1918 चा, म्हणून वारस बायकोचं नाव जमिनीला लागलं. पुढच्या फेरफारात तेच नाव कमी केलेलं: हिने अमळनेरकडच्या अमक्याशी पाट लावला, सबब दिराचं नाव दाखल. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तो अमका म्हणजे आमचे पणजोबा! बायकोचं नाव घरच्यांना माहीत असलेलं नव्हतं, पण दुसऱ्या सासरी नाव बदललं तर त्यात नवल नाही.

1856 च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह मान्य केला, पण त्याच कायद्यात पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही संपवला. जमीन दिराकडे जायची होती म्हणूनच कोणीतरी तिचा पाट कागदावर चढवला. एरवी ती सापडली नसती.

लिप्यंतर घरी गेलं तेव्हा बाईंच्या काकांचा फोन आला. "साहेब, पाट कशाला? लग्न लिहा ना." पाट तेव्हा घरोघरी लागत होते, त्यात कमीपणा काय, असं मी समजावून पाहिलं. शेवटी म्हणालो, "दादा, कागदात आहे तेच मी लिहितो." त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी वंशावळीत त्या मुलाची चौकट आखली, पणजीला जोडून. माहेर अजून बाकी आहे. तिच्या पहिल्या सासरचं कोणी नाशिकला गेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्या घराची नावं निघू शकतात. आडनाव आणि गाव हातात आहे, त्यामुळे तिथे विचारायला आता तोंड आहे. बाईंनी त्यासाठी रजा टाकलीय.