आणखी किती धावू?

"सर, रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर धावतो, दोरीवरच्या उड्याही चुकवत नाही. तरी दुसऱ्या राउंडच्या मध्यावर पाय जड होतात. आणखी किती धावू?" बॉक्सिंग शिकणाऱ्यांचे आकडे बदलतात, पण प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आणखी धावू नका.

हौशी बॉक्सिंगमध्ये मोठ्यांच्या गटात तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. पुरुषांना तेवढेच, महिलांनाही तेवढेच. म्हणजे प्रत्यक्ष लढत नऊ मिनिटांची. रोज पाऊण तास धावणाऱ्याचे पाय त्यातल्या पाचव्या मिनिटाला संपत असतील, तर दम कमी पडतोय हे मला पटत नाही. ताकद कुठेतरी गळतेय. ती गळती आधी शोधायची.

त्याआधी एक खुलासा करून घ्या. सरावातल्या स्पारिंगलाही (जोडीदाराशी केलेल्या सराव-लढतीलाही) पाय जड होतात, की फक्त स्पर्धेत? फक्त स्पर्धेत होत असतील तर आदल्या दिवशी काय केलंत ते आठवा. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. पाणी तोडून काट्यावर उतरलेल्या अंगातलं सगळं संध्याकाळपर्यंत भरून येत नाही, आणि ते पहिल्यांदा कळतं पायांना. त्याला उपाय वरचा वजनगट, नाहीतर बरंच आधीपासून शिस्तीत उतरवलेलं वजन. फुटवर्कचा, म्हणजे पावलांच्या हालचालीचा, त्यात काही दोष नाही. पुढचं सगळं बाकीच्यांसाठी.

तीन राउंड स्पारिंग करा आणि कुणाला तरी फक्त गुडघ्यांखालचा व्हिडिओ काढायला सांगा. ठोसे नकोत, चेहरा नको. ठोसे दिसले की आपण तेच बघत बसतो. पहिल्या राउंडला मागची टाच उचललेली दिसेल, गुडघे जरासे वाकलेले, दोन पावलांत साधारण खांद्याएवढं अंतर. आता दुसऱ्या राउंडवर या. मागची टाच टेकलेली. गुडघे ताठ. पुढे पाऊल टाकल्यावर मागचं पाऊल त्याच्या पार जवळ ओढलं गेलंय, आणि पुढच्या हालचालीआधी अंतर पुन्हा उघडायला एक जादा पाऊल पडतंय. आवाजसुद्धा बदलतो: आधी बूट हलकेच टेकत होते, आता कॅनव्हासवर घासतात. ताठ गुडघ्याने जमीन ढकलता येत नाही, म्हणून अंग पुढे नेण्यासाठी कमरेपासून झोकावं लागतं, मग तोल सावरण्यासाठी आणखी एक पाऊल. एका पावलाच्या कामाला तीन पावलं लागली तर पाय जड होणारच.

नियम सोपा आहे आणि तो सगळ्यांना पाठही असतो: ज्या दिशेला जायचं त्या बाजूचं पाऊल आधी, दुसरं तेवढंच मागून, आणि शेवटी अंतर होतं तेवढंच. पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. जमिनीवर एक चिकटपट्टी मारा. पुढच्या पायाचा अंगठा आणि मागच्या पायाची टाच त्या पट्टीला दोन बाजूंनी लागून राहिली पाहिजेत. दोन्ही पावलं पट्टीवर एकामागे एक आली की बाजूने बसलेला हलका धक्काही तोल घालवतो. या पट्टीवर पुढे, मागे, पुढे, मागे, हात चेहऱ्यासमोर गार्डमध्ये, एकही ठोसा न मारता पूर्ण तीन मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे सत्राच्या सुरुवातीला करा, पाय ताजे असताना. बहुतेक ठिकाणी फुटवर्क शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. दमलेले पाय त्या दहा मिनिटांत फरफटणंच पक्कं करतात.

आता उजवीकडे जाण्याबद्दल. डावा पाय पुढे असणाऱ्याला डावीकडे सरकणं सोपं जातं, म्हणून तो लढतभर डावीकडेच फिरतो. समोरचाही तसाच डावा पाय पुढे ठेवणारा असेल तर त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला असतो. म्हणजे आपण होऊन त्याच्या जोरकस हाताकडे चालत जायचं! उजवीकडे जाताना मागचं पाऊल आधी हलवावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचे पाय अडखळतात. शॅडोचा, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याच्या सरावाचा, निम्मा वेळ फक्त उजवीकडे सरका. (तिकडे त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, असतो, तेव्हा उजवा हात गालाशी.) समोर साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारा, असला की गणित उलटं: डावीकडे जा आणि आपलं पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवा.

पाय वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा मात्र रिंगचा मध्य आहे. स्पर्धेच्या रिंगची बाजू दोऱ्यांच्या आत 6.10 मीटर असते. मध्यावर उभा असलेला पुढच्या चवड्यावर वळतो, दोरीकडेचा तेवढ्याच कोनासाठी चार-पाच पावलं धावतो. तीन मिनिटांत हा फरक किती होतो, ते कोपऱ्यात स्टुलावर बसल्यावर समजतं. आणि पंचही दोरीकडेच्या पळण्याला गुण देत नाहीत. दहा गुणांच्या पद्धतीत नेमके लागलेले चांगले ठोसे आणि लढतीवरचा ताबा बघतात. म्हणून जोडीदाराबरोबर ठोसे न मारता एक राउंड असाही खेळा, की दोघांनी फक्त मध्य मिळवायचा. हा माझा सगळ्यात आवडता सराव. मुलं हसतात, ढकलाढकली करतात, आणि मिनिटभरात गंभीर होतात.

युक्रेनचा बॉक्सर वासिल लोमाचेन्को याचे व्हिडिओ पाहून जमिनीवर अंथरायची शिडी घेणारे बरेच भेटतात. त्याने 2008 आणि 2012 अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं मिळवली, आणि लहानपणी वडिलांनी बॉक्सिंग थांबवून काही वर्षं त्याला लोकनृत्य शिकायला लावलं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. नृत्याने लय आणि तोल मिळतो. शिडीत पाय भराभर हलतात खरे, पण बऱ्याच प्रकारांत ते एकमेकांजवळ येतात, नजर खाली असते आणि समोर कुणी नसतं. वॉर्मअपला ठीक. त्याला फुटवर्क म्हणू नका.

ताकदीचं थोडक्यात. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, लंज आणि एक पाय मागे ठेवून केलेले स्प्लिट स्क्वॉट पुरेत. स्पारिंगच्या आदल्या दिवशी नको. वजन वाढेल म्हणून हे टाळू नका. कमी आवर्तनांत, जास्त भाराने केलं तर ताकद वाढते आणि काट्यावर फारसा फरक पडत नाही. ठोशाचा जोर मागच्या पायाने जमीन ढकलल्यापासून सुरू होतो, त्यामुळे त्यातला निम्मा फायदा हातांना मिळतो. पोटऱ्यांसाठी लोक गुडघा सरळ ठेवून टाचा उचलतात. तेही करा, पण आपण लढतो गुडघा वाकवून. गुडघा वाकला की वरचा मोठा स्नायू ढिला पडतो आणि त्याखालचा सपाट स्नायू, सोलियस, जास्त काम उचलतो. म्हणून निम्मी आवर्तनं गुडघा वाकवून, एका पायावर, सावकाश खाली येत. दुसऱ्या राउंडला मागची टाच का टेकत होती, त्याचं अर्धं उत्तर या स्नायूत आहे.

मग धावायचं किती? लांब, सोपं धावणं दोन दिवस ठेवा. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात श्वास जागेवर येतो तो त्याच्याच जोरावर. आणखी दोन दिवस तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालत, असं चार ते सहा वेळा. उरलेले दिवस धावणं बंद, त्या वेळात पट्टीवरचं काम. दोरीवरच्या उड्यासुद्धा राउंडच्या घंटेवर: तीन मिनिटं, उडी जेमतेम दोरी जाईल एवढीच, टाच न टेकवता. उंच उड्या दिसायला छान, पण हवेत असताना दिशा बदलता येत नाही.

उड्या काँक्रीटवर मारू नका, आणि एकदम वाढवू नका. नडगीच्या आतल्या बाजूला लांबट पट्ट्यात दुखत असेल तर आठवडाभर उड्या आणि धावणं कमी करा, शॅडो चालू ठेवा. एका बोटाने दाखवता येईल अशा हाडाच्या एकाच जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. तेव्हा मला विचारू नका, डॉक्टरांकडे जा.